पत्त्याएवढा सोलर सेल आणि किलोवॅटचा रकाना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत टाकी रिकामी झाल्याचं अंगाला साबण लावल्यावरच कळतं. म्हणून गच्चीवरच्या टाकीला पातळी कळवणारा सेन्सर बसवायचं ठरवलं. तिथे प्लग नाही आणि बॅटरी बदलायला शिडी चढणार कोण? त्यामुळे खेळायच्या पत्त्याएवढा सोलर सेल, वीज साठवायला सुपरकॅपॅसिटर आणि निरोप पाठवायला लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर पोचणारा रेडिओ. जुळवाजुळव दुपारभरात उरकली.

घोडं अडलं कमिटीत. सेक्रेटरींनी सोलरचा छापील फॉर्म पुढे केला. किती किलोवॅट? जादा वीज कंपनीला देण्याच्या नेट मीटरिंगचा अर्ज केलाय? स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला? भर उन्हात हा सेल जेमतेम वॉटभर देतो, म्हणून ०.००१ लिहिलं. खजिनदार म्हणाले, "एकच्या खाली आमच्याकडे रकाना नाही." मग पुढच्या मीटिंगला या. पुढच्या मीटिंगला कोरम नाही. त्यापुढच्या मीटिंगला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना रेडिएशनची आठवण झाली. "टॉवर बसवताय का?" अहो काका, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत राहिलं तर परवानासुद्धा लागत नाही, आणि आपला डबा दर पंधरा मिनिटांनी क्षणभर बोलतो, बाकी वेळ झोपलेला!

शेवटी डबाच टेबलावर ठेवला. सेक्रेटरींनी सेलवर आपली चष्म्याची केस ठेवली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "पडलं बंद?" थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर निरोप आला. उजेड असताना साठवलेलं अंधारात पुरतं, हे मी तोंडाने किती वेळा सांगितलं होतं! असं काही करणार असाल तर अर्जाआधी वस्तूच दाखवा.

हो, एक राहिलं. सेलची वीज गोळा करून साठवायला मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू २५५७० चिप वापरली. साठा पुरता संपला की तिला पुन्हा उठायला सेलकडून साधारण ६०० मिलिव्होल्ट लागतात. एकदा चालू झाली की १०० मिलिव्होल्टवरही ती वीज वेचते. तेव्हा सुपरकॅपॅसिटर घरीच पूर्ण चार्ज करून मग डबा वर न्या. आणि पावसाळ्यात साठ्याचं व्होल्टेज उतरलं की निरोपांमधलं अंतर आपोआप वाढेल असा प्रोग्रॅम लिहा, नाहीतर ऐन जुलैत डबा मुका होतो.

एनओसी मिळाली. तिच्यात अट आहे: 'निर्माण होणारी जादा वीज लिफ्टसाठी द्यावी.' मी निमूटपणे सही केली.