मृत्यूच्या दोन तारखा आणि एक सक्तीचा रकाना

ज्या ऑनलाइन नमुन्यात ‘मृत्यूची नेमकी तारीख’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही, तो नमुना ज्याने कोणी तयार केला असेल त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. कारण मला मृत्यूनोंदीची प्रत हवी होती ती मुळात तारीख ठरवण्यासाठीच.

माझे यजमान डच आहेत आणि सासूबाईंचे घराणे डच अमलाखालच्या जावातले. सासूबाईंचे पणजोबा हार्डरवाइक येथील वसाहती सैन्याच्या भरती केंद्रातून जावाला गेले आणि १८७३ मध्ये सुरू होऊन कित्येक वर्षे रेंगाळलेल्या, सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतातील युद्धाच्या काळात तिकडेच वारले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. कधी वारले, हे मात्र कागदच एकमुखाने सांगत नव्हते. सैन्याच्या नोंदवहीत १७ ऑक्टोबर १८८६ ही तारीख होती, तर त्यांच्या मूळ गावाच्या मृत्यूनोंदींच्या सूचीत फेब्रुवारी १८८८. त्यांची मुलगी, म्हणजे सासूबाईंची आजी, मे १८८७ मध्ये जन्मली. पहिली तारीख खरी असेल तर बापाने लेकीचे तोंडही पाहिले नव्हते. दुसरी खरी असेल तर ती काही महिने तरी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळली होती. सासूबाईंना याचे उत्तर हवे होते.

सैनिकांच्या या नोंदवह्यांना ‘स्टामबूक’ म्हणतात. त्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात २.१०.५० या दफ्तर क्रमांकाखाली असून घरबसल्या पाहता येतात. आमच्या नोंदीत उंची, कपाळ, नाक, हनुवटी, आईवडिलांची नावे आणि जहाजाचे नाव ऐसपैस लिहिले होते. मृत्यू मात्र तळाशी, बारीक अक्षरातल्या एका ओळीत कोंबलेला होता. कुटाराजा, म्हणजे आजचे बांदा आचे, तिथले लष्करी रुग्णालय आणि तारीख, एवढेच.

खरा खोळंबा झाला तो गावाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयात. त्या वर्षाच्या पानांची छायाचित्रे संकेतस्थळावर नव्हती, म्हणून प्रतीसाठी अर्ज करणे भाग होते. ऑक्टोबर १८८६ ची तारीख घालून अर्ज केला, तर बऱ्याच प्रतीक्षेनंतर उत्तर आले की या तारखेला अशा नावाची मृत्यूनोंद नाही. मग सूचीतली फेब्रुवारी १८८८ ची तारीख घातली आणि शंका स्पष्ट व्हावी म्हणून स्टामबुकाचे पान सोबत जोडले. त्यावर उत्तर आले की जोडलेला पुरावा अर्जातील तारखेशी विसंगत असल्याने अर्जदाराने आधी योग्य तारीख निश्चित करून कळवावी. दूरध्वनी केला, तर पलीकडच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवले. तारखेऐवजी ‘अंदाजे’ असे लिहावे, तर रकाना अक्षरे स्वीकारत नाही. आपल्याकडच्या तलाठी कार्यालयात निदान समोर उभे राहून हुज्जत तरी घालता येते. इथे प्रत्येक नकार सभ्य भाषेत येत असल्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. या पत्रापत्रीत हिवाळा सरला.

सुटका झाली ती दहा वर्षांच्या नामसूचीमुळे. नेदरलँड्समध्ये १८११ पर्यंत सर्वत्र नागरी नोंदणी लागू झाली आणि तिच्या नोंदवह्यांच्या, आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या दहा-दहा वर्षांच्या सूच्या तयार करण्यात आल्या. १८८३ ते १८९२ च्या सूचीत पणजोबांच्या नावापुढे नोंदीचा क्रमांक मिळाला. तारखेच्या रकान्यात सूचीतलीच तारीख घातली, शेऱ्यात वर्ष आणि क्रमांक लिहिला, कोणताही पुरावा जोडला नाही, आणि प्रत चार-पाच दिवसांत आली. म्हणून ज्यांना अशी प्रत मागवायची असेल त्यांनी तारखेवर विसंबू नये, नोंदीचा क्रमांक आधी शोधावा.

नोंद वाचल्यावर गुंता क्षणात सुटला. परदेशी मेलेल्या सैनिकाच्या मृत्यूचा उतारा मूळ गावी पाठवला जाई आणि तो पोहोचेल तेव्हा तिथला निबंधक तो चालू वर्षाच्या नोंदवहीत उतरवून घेई. फेब्रुवारी १८८८ हा उतारा वहीत चढवल्याचा दिवस होता. आतल्या मजकुरात कुटाराजा आणि १७ ऑक्टोबर १८८६ स्पष्ट लिहिलेले होते. सूची करणाऱ्याने फक्त नोंदीची तारीख उचलली होती.

तरीही माझे पुरते समाधान झाले नाही, कारण स्टामबूक आणि हा उतारा दोन्ही एकाच रुग्णालयाच्या कळवण्यावरून लिहिलेले असू शकतात, आणि तसे असेल तर ते दोन साक्षीदार नसून एकच आहे. ‘डेल्फर’ या डच वृत्तपत्रांच्या संग्रहात शोधल्यावर बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, ‘जावा-बोडे’ या वृत्तपत्राच्या जानेवारी १८८७ च्या अंकात, दिवंगत पणजोबांकडून ज्यांचे काही येणे असेल त्यांनी पुढे यावे, अशी जाहिरात सापडली. त्यात मृत्यूची तारीख नव्हती, पण १८८८ हे वर्ष बाद करायला तेवढे पुरेसे होते. येणेकरी बोलावणारे लोक माणूस मेल्याची खात्री केल्याशिवाय जाहिरातीचा खर्च करत नाहीत. आडनाव शोधताना जुनी स्पेलिंगे आठवणीने वापरावीत, नाहीतर हाती काही लागत नाही.

अठराव्या शतकाच्याही मागे जाणाऱ्यांनी पंचांगाकडे लक्ष द्यावे. हॉलंड आणि झीलंड प्रांतांनी ग्रेगोरियन पंचांग १५८२-८३ मध्येच स्वीकारले, पण गेल्डरलँड, उत्रेख्त वगैरे प्रांत १७०० च्या सुमारापर्यंत जुन्याच पंचांगाने चालत होते. ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ सिद्ध करणारे डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीडे १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळ समुद्रात वारले. त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजांच्या जुन्या, दहा दिवस मागे चालणाऱ्या पंचांगात ५ डिसेंबर होता. त्यांची कबर सुरतेला आहे, म्हणजे केवळ कबर पाहून मृत्यूचे ठिकाण लिहिणाराही चुकेल. जुन्या चर्चच्या वह्यांतही बहुधा दफनाचा दिवस असतो, मृत्यूचा नव्हे.

सासूबाईंच्या वंशावळीत आता १७ ऑक्टोबर १८८६ ही तारीख गेली आहे आणि नोंदीचा दिवस मी खाली वेगळा लिहून ठेवला आहे. सूची दुरुस्त करावी म्हणून त्या कार्यालयाला प्रतीसह लिहिले. ‘आपला अभिप्राय मिळाला’ असे उत्तर आले आहे, आणि सूचीत आजही फेब्रुवारी १८८८ च दिसते.