कॉटन ग्रीन ते पनवेल, मातीची पिशवी घेऊन

पेणजवळ आमची एकरभर खारजमीन आहे. दोन वर्षांपूर्वी उधाणात बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी आत घुसलं आणि भात गेलं. बांध यथावकाश झाला (किती अर्ज केले ते विचारू नका), पण पुढच्या वर्षी पेरलेलं बोटभर वाढून टोकांपासून करपत गेलं. काका म्हणाले, "पनवेलला कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. तू हार्बर लाईनवरच राहतोस, जाऊन ये." माझ्या काळाचौकीच्या चाळीपेक्षा पेणहून पनवेल जवळ आहे, हे मी बोललो नाही.

पहिला फेरा फुकट गेला, आणि चूक माझीच. माती नेली ती युरियाच्या रिकाम्या गोणीतून. तिथल्या साहेबांनी गोणी पाहिली आणि माती पाहिलीच नाही. "यात तुमची जमीन नाही, खत दिसेल."

मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. खाचरात नागमोडी फिरत आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, प्रत्येकाच्या कडेचा वरपासून खालपर्यंत सारखा काप काढला. माती ओलसर होती म्हणून चाळीच्या गॅलरीत सावलीला वर्तमानपत्रावर पसरली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुंड्या लावतोयस का रे?" दोन दिवसांत ढेकळांवर पांढरी पूड फुलली. बोटाला लावून जिभेवर टेकवली. खारट! मग ढिगाचे चार वाटे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. तेवढी नव्या कापडी पिशवीत.

अहवालात क्षारता ६ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर निघाली. ४ च्या पुढे जमीन क्षारयुक्त धरतात. उन्हाळ्यात खालचं पाणी वर चढून उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून मे महिन्यातला आकडा सगळ्यात वाईट. मी बियाणं मागायला गेलो होतो, साहेब मात्र उघाडीचंच, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचंच, विचारत बसले. पहिल्या पावसाचं पाणी खाचरात कोंडा, दोन-तीन दिवस ठेवा, ओहोटी बघून विरघळलेल्या मिठासकट सोडून द्या. असं दोन-तीनदा करून मगच पेरा. तिथूनच काकांना फोन लावला. उघाडीची फळी कुजली होती म्हणे, आणि हे ते मला आज सांगत होते!

बियाणं मिळालं पनवेल ३, खाऱ्या जमिनीत तग धरणारं. गावी जायला रविवार उजाडणार होता, म्हणून मिठाचं काम घरीच उरकलं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणं ओतायचं, तरंगेल ते पोचट काढून टाकायचं. आई बादलीत डोकावली. "शेतातलं मीठ कमी पडलं का?" तळाशी बसलेलं भात तीनदा साध्या पाण्यानं धुतलं आणि त्याच गॅलरीत वाळत घातलं. काकूंनी या वेळी काही विचारलं नाही, चिमण्या हाकलायला स्टूल घेऊन बसल्या.