घेर तोच, स्नायू निम्मा

सोनोग्राफीसाठी आलेल्या एंडोक्राइन (हार्मोन विकारांच्या) ओपीडीच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘कुशिंगसारखी लक्षणं, उठता-बसता त्रास, मांडीचे स्नायू बघावेत.’ कुशिंग म्हणजे शरीरात स्टेरॉइडचा अतिरेक. पन्नाशीतल्या शेतकरी बाई. चेहरा गोल, पोट सुटलेलं, दंडावर काळेनिळे डाग. हाताची पकड घट्ट. पण उकिडवं बसल्यावर जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येईना.

सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मल होतं, म्हणून स्नायूंचा काही दोष नाही असं त्यांना आधी सांगितलं गेलं होतं. स्टेरॉइडच्या अतिरेकात स्नायूतंतू फुटत नाहीत, बारीक होतात, त्यातही टाइप २, म्हणजे झटक्यात जोर लावणारे तंतू, जास्त. त्यामुळे सीपीके सहसा चढत नाही. थायरॉइड कमी पडल्याने येणाऱ्या अशक्तपणात मात्र ते बऱ्याचदा चांगलंच वाढलेलं असतं. पोटॅशियमही ठीक होतं; ते उतरलं तर तेवढ्यानेही पाय गळतात, म्हणून आधी बघून घ्यावं.

टेपने मांडीचा घेर भरलेलाच वाटत होता. सोनोग्राफी इथे उपयोगाची, कारण तीत चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजता येतात.

बाई वॉर्डातून चालत आल्या होत्या. चालल्यावर स्नायूत रक्त वाढतं आणि माप फुगतं, म्हणून आधी दहा मिनिटं उताणं झोपवलं. गुडघे सरळ, पावलं छताकडे. ‘मावशी, पाय अगदी सैल सोडा.’ कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण केली आणि वाटीपासूनचं अंतर लिहून ठेवलं. लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब, आडवा, हाडाला काटकोनात. प्रोब थोडा जरी कलला तरी स्नायू काळपट दिसतो. मांडीच्या हाडाची रेघ सर्वांत लख्ख दिसेल तो कोन खरा.

सगळ्यात मोठी गफलत दाबाची. झिजलेला स्नायू ओल्या स्पंजासारखा दबतो. रेसिडेंटचं माप आणि माझं माप जुळेना. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तेव्हा त्याच्या चित्रात वरची चरबीही चपटी झालेली दिसली. मग जेलचा जाड थर घातला. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये जेलची काळी पट्टी दिसत राहिली की दाब पडत नाही. तीन चित्रं घेऊन सरासरी काढली.

चरबी २.१ सेंमी, मांडीच्या पुढचा वरचा स्नायू रेक्टस फेमोरिस ०.९, त्याखालचा व्हास्टस इंटरमीडियस ०.८. या बांध्याच्या बाईत दोन्ही मिळून साधारण दुप्पट अपेक्षित असतात. स्नायू किंचित पांढुरका, पण खाली हाडाची रेघ स्वच्छ: स्नायूच्या पांढरेपणाच्या १ ते ४ पायऱ्यांत हेकमॅट ग्रेड २. जाड चरबी प्रतिध्वनी शोषते, त्यामुळे खरा पांढरेपणा दिसतो त्याहून थोडा जास्तच असणार. दुसऱ्या मशीनवरच्या चित्राशी तो ताडून बघण्यात अर्थ नसतो. पोटरी मात्र जवळपास शाबूत होती.

सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, खूपच कमी आलं. दिसायला कुशिंग आणि कॉर्टिसॉल तळाला, म्हणजे स्टेरॉइड बाहेरून येतंय. विचारल्यावर पिशवीतून पुड्या निघाल्या. ‘त्या पुडीनं गुडघं लई हलकं पडायचं, डॉक्टर.’ लेबल नसलेली पावडर, संधिवातावरचं ‘जडीबुटीचं’ औषध. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते कॉर्टिसॉलच्या तपासणीत सहसा पकडलं जात नाही. त्या पुड्या एकदम तोडायच्या नसतात: कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, रक्तदाब कोसळू शकतो. एंडोक्राइनच्या डॉक्टरांनी त्याऐवजी मोजून हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलचंच औषधी रूप) देत हळूहळू उतरवलं. सोबत खुर्चीतून उठण्याचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं.

चार महिन्यांनी त्याच मशीनवर, तेच प्रीसेट, तीच डेप्थ, तोच गेन (चित्राचा उजळपणा), वाटीपासून तेवढ्याच अंतरावर: रेक्टस १.३, व्हास्टस १.१, चरबी १.८. घेर जवळपास जुनाच. बाई हाताची घडी घालून खुर्चीतून उठत होत्या. उकिडव्या बसल्यावर मात्र अजून आधार लागत होता. पुढच्या तपासणीसाठी रिपोर्टात मापांखाली हे सेटिंग आणि अंतर पुन्हा लिहून दिलं.