नवतपा, कूलर आणि घरफोडीचा अलार्म

मे महिन्यात गावोगाव लग्नं असतात. घराला कुलूप लावून सगळे दोन-दोन दिवस वऱ्हाडासोबत बाहेर. अलार्मची खरी गरज याच दिवसांत, आणि आपल्याकडे तो कमजोर पडतो तोही याच दिवसांत. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात पारा ४५ च्या वर गेला की पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा) सेन्सर आणि बॅटरी या दोन्हींची परीक्षा सुरू होते. म्हणून वर्षातली मोठी तपासणी दिवाळीत नको, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी, एप्रिलच्या शेवटी करा.

पीआयआर माणसाला ओळखत नाही. मागच्या भिंतीच्या आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेत जो फरक असतो, तो सेन्सरच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकला की सेन्सर भडकतो. चेहरा, हात, कपडे यांचं वरवरचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंश असतं. खोली २५ अंशांवर असली तर फरक ठळक असतो. बंद खोलीच्या भिंती ३५-३६ वर आल्या की फरकच उरत नाही. भर दुपारी ४२ अंशांच्या खोलीत तोच माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो, त्यामुळे सेन्सर त्याला परत पकडतो. त्यामुळे दुपारी चालून पाहिलं, लाल दिवा लागला आणि समाधान मानलं, असं करू नका. चाचणी रात्री ९-१० ला, कूलर बंद ठेवून, दार-खिडक्या लावून करा. सेन्सरकडे सरळ चालत जाऊ नका, त्याच्या समोरून आडवे चाला. सरळ येणारा माणूस त्याला सगळ्यात उशिरा दिसतो, म्हणून सेन्सर बसवतानाच चोराची वाट आडवी पडेल असा कोपरा निवडायचा. उंची ७ ते ८ फूट. आत पल्स काउंटचा जम्पर असतो, म्हणजे किती झटके मोजल्यावर वाजायचं ते ठरवणारी छोटी टोपी. कोठीच्या खोलीसारख्या बंद जागेत तो १ वर ठेवा, वारा-वर्दळ असलेल्या खोलीत २ वर. तापमानानुसार संवेदनशीलता आपोआप वाढवणारे सेन्सर मिळतात. आपल्याकडे तेच घ्यावेत, थोडे जास्त पैसे गेले तरी.

उन्हाळ्यात अलार्म उगाच वाजण्याचं पहिलं कारण कूलर. कूलरचा गार झोत सेन्सरच्या तोंडावर आला की लेन्स आणि आतला घटक भराभर थंड-गरम होतो. दुसरं, झोताने भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं. पान उचललं गेलं की मागची वेगळ्या तापमानाची भिंत दिसते, पान खाली येतं, परत उचललं जातं. सेन्सरला ही हालचालच वाटते. कॅलेंडर काढा किंवा खालून दोन टाचण्या मारा, आणि सेन्सर झोताच्या रेषेतून हलवा. खिडकीतून थेट लेन्सवर येणारं ऊनही असाच त्रास देतं.

त्यानंतर किडे-मुंग्या. वायर आत जायचं भोक उघडं राहिलं की मुंग्या आत घर करतात, पाल लेन्सवर चिकटून बसते, कोळी जाळं विणतो. कव्हर उघडून मऊ ब्रशने साफ करा, आतल्या चौकोनी काचेला बोट लावू नका, आणि भोक सिलिकॉनने बुजवा. लेन्स ओलसर कापडाने पुसायची. थिनर-पेट्रोल लावलं तर ती कायमची पांढरी पडते. घराला रंग देताना सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. चुन्याचा एक हात बसला तरी तो सेन्सर आंधळा.

आता बॅटरी. बहुतेक वायरवाल्या पॅनलमध्ये (अलार्मच्या मुख्य डब्यात) १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी असते. २५ अंशांच्या आसपास ती ३ ते ५ वर्षं टिकते. तापमान दर ८-१० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. टिनाखाली, माळ्यावर ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांपलीकडे धरू नका. पॅनल खालच्या, सावलीतल्या आतल्या भिंतीवर घ्या. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा.

तपासायची पद्धत अशी. लाइन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. मग मेन स्विच बंद करून एक तास थांबा, आणि हूटर (भोंगा) दोन मिनिटं वाजवत मीटर धरा. १२ च्या वर राहिली तर ठीक, ११.५ च्या खाली घसरली तर बदला. नुसतं स्थिर व्होल्टेज पाहून फसगत होते, कारण मेलेली बॅटरीही भार नसताना १२.५ दाखवते. स्विच बंद करताच पॅनल लगेच विझला तर बॅटरीचा फ्यूज आधी पाहा. तो उडालेला असला तरी लाइन असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. फ्यूज त्याच अँपिअरचा टाका, तारेचा तुकडा गुंडाळू नका. हिशेब सोपा आहे: पॅनल १०० मिलिअँपिअर आणि चार सेन्सर ६०, मिळून १६०. नवी बॅटरी यावर प्रत्यक्षात तीसेक तास काढते. वादळाने डीपी उडाला आणि लाइन दोन दिवस आली नाही तर हे पुरत नाही, हे घर सोडताना लक्षात असू द्या.

अलार्म वाजला की घाईत बंद करून मोकळे होऊ नका. आधी कोणत्या झोनचा (पॅनलला जोडलेल्या एकेका सेन्सर-वायरीचा) दिवा लागला ते पाहा, कागदावर लिहा. बऱ्याच पॅनलमध्ये पुन्हा चालू केलं की ती नोंद पुसली जाते. मग त्या झोनच्या दोन्ही वायरी पॅनलमधून काढा आणि तिथे पॅनलला लागणारा रेझिस्टर थेट लावा. २.२ किलोओहमवर लाल-लाल-लाल पट्टे असतात, ४.७ वर पिवळा-जांभळा-लाल. एवढं करूनही झोन वाजला तर दोष पॅनलमध्ये; शांत झाला तर वायरीत किंवा सेन्सरमध्ये. काढलेल्या वायरी मीटरवर धरा, सगळी दारं बंद हवीत. रेझिस्टरएवढं वाचन आलं तर वायर नीट. काहीच आलं नाही तर कुठेतरी तुटली. शून्य आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. आकडा नाचत असेल तर जोडात ओल आहे किंवा जोड नुसता पिळलेला आहे. डाग देऊन स्लीव्ह चढवा.

हा रेझिस्टर वायरीच्या शेवटी, सेन्सरच्या डबीतच असायला हवा. बसवणारे घाईत तो पॅनलमध्येच लावून जातात. उंदराने वायर कुरतडली आणि दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की पॅनलला फक्त रेझिस्टर दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. दार उघडलं तरी तो गप्प. पॅनलचं झाकण उघडून आज हे एक जरी पाहिलंत तरी पुष्कळ.

उंदरांचा विषय आपल्याकडे मोठा, कारण कापूस, सोयाबीन, तूर घरातच असते. वायर पीव्हीसी पाइपातूनच न्या. कापसाची गंजी छतापर्यंत गेली की पीआयआरला समोर फक्त कापूस दिसतो, आणि गंजीवर फिरणारी मांजर थेट लेन्ससमोर येते. जनावरांना सूट देणारा सेन्सरही तिथे फसतो. ती सूट जमिनीवर चालणाऱ्या जनावरापुरती असते. कापूस घरात आहे तोवर त्या खोलीला दाराचा मॅग्नेटिक सेन्सरच ठेवा.

दाराच्या या सेन्सरमध्ये चुंबक आणि डबी यांत सागवानी दारावर १५ ते २० मिलिमीटर अंतर चालतं. लोखंडी दार चुंबकाचं बळ ओढून घेतं, तिथे अंतर निम्म्यावर आणा, खाली प्लास्टिकची पट्टी द्या, किंवा लोखंडी दारासाठीचा जाड सेन्सरच घ्या. पावसाळ्यात चौकट फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जानेवारीत नीट बसलेलं अंतर ऑगस्टमध्ये बिघडतं. वायरलेस सेन्सरचा सेलही वर्षातल्या मोठ्या तपासणीतच बदला. पॅनल लोखंडी कपाटात ठेवू नका, त्याचा सिग्नल अडतो.

शेवटी सिम, ज्यावरून पॅनल तुम्हाला कॉल लावतो. पॅनल टूजी असेल तर त्यात जिओचं सिम चालत नाही, जिओचं टूजी जाळंच नाही. सिमचा पिन लॉक साध्या फोनमध्ये टाकून काढून घ्या. रिचार्ज संपलं की पॅनलला कॉल लावता येत नाही आणि घरी कुणालाच ते कळत नाही, म्हणून रिचार्जची तारीख पॅनलच्या झाकणावर चिकटवा. महिन्यातून एकदा खरोखर दार उघडून अलार्म वाजू द्या आणि प्रत्येक नंबरवर कॉल येतो का पाहा. पहिला नंबर शेजारच्या घरचा ठेवा. तुम्ही लग्नाला यवतमाळात असाल, शेजारचे काका दोन मिनिटांत अंगणात उभे राहतील. त्यांना आधी सांगून ठेवा: एकट्याने आत शिरायचं नाही, बाहेरूनच आरडाओरडा करायचा आणि ११२ लावायचा.