ब्रिजच्या हम्बकरची भुणभुण अखेर थांबली

काल रात्री साडेअकरा. कूलर फुल स्पीडवर, ट्यूबलाइट चालू, अ‍ॅम्पचा गेन चांगलाच वर, आणि माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज पिकअप (तारेच्या कंपनाचा सिग्नल करणारा, मानेपासून लांबच्या टोकाचा) गप्प. तीन आठवड्यांनी ही शांतता मिळाली. कॉर्ड वाजवायच्या आधी मी पाच मिनिटं नुसतीच ती ऐकत बसलो.

गिटार तीच, प्रतापनगरच्या मुलानं नोकरीसाठी पुण्याला जाताना अकरा हजारांत दिलेली काळी सिंगल-कट (बॉडीला एकाच बाजूनं खाच असलेली). नेकचा (मानेजवळचा) जुना हम्बकर, म्हणजे हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप, तसाच ठेवलाय (7.8 के, म्हणजे किलोओहम; गोड वाजतो, त्याला हात लावणार नाही). ब्रिजला चार वायरींचा, सिरॅमिक चुंबकाचा हम्बकर आणि व्हॉल्यूमला पुश-पुल पॉट (नॉब ओढली-दाबली की स्विचचंही काम करणारा) टाकला, इथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. नवा पिकअप नाकात बोलल्यासारखा पातळ वाजतो आणि वर घोंघावतो, हेही सांगितलं होतं. हम्बकर असून हम, म्हणजे विजेची ही घोंघाट, हेच मला सहन होत नव्हतं.

पहिला संशय शिल्डिंगवर, म्हणजे बाहेरची हम अडवणाऱ्या धातूच्या आवरणावर गेला. पूर्ण एक रविवार कॅव्हिटीत (गिटारमधल्या वायरिंगच्या खळग्यात) तांब्याची टेप लावण्यात घालवला. त्यात एक गोष्ट कळली: स्वस्त टेपच्या गोंदातून करंट जात नाही. दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटलेल्या दिसतात, पण मीटर बीप देत नाही. प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्यावाच लागतो. एवढं करून नेक आणखी शांत झाला, ब्रिज जसाच्या तसा. मग वायरमनला बोलावून महालातल्या आमच्या जुन्या घराचं अर्थिंग तपासलं. ते ठीक निघालं. मग कूलरच्या मोटरवर संशय. मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद करून वरच्या खोलीत बसून ऐकलं. घोंघाट होताच.

पिकअपच खराब आला असेल का, अशीही शंका आली. विकणाऱ्यानं 14.4 के सांगितलं होतं, माझ्या मीटरवर 15.2 येत होतं. पण तो फरक आपल्या उन्हाळ्याचा आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांवर 14.4 असलेली कॉइल 40 अंशांच्या खोलीत 15.2 दाखवणारच. नागपुरात मे महिन्यात पिकअप मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, उगाच परत पाठवू नका.

धागा सापडला गुरुवारी. पुश-पुलची नॉब ओढली, म्हणजे एकच कॉइल राहिली, तर आवाज भरदार. दाबली, दोन्ही कॉइल आल्या, तर पातळ आणि हम जास्त. हे अगदी उलटं आहे. सेथ लव्हरनं 1955 साली गिब्सन या गिटार कंपनीसाठी पेटंटचा अर्ज केला तो याच युक्तीचा: दोन कॉइलचं वाइंडिंग उलट, चुंबकाची बाजूही उलट, त्यामुळे हम एकमेकींत जिरते आणि तारेचा सिग्नल बेरजेत येतो. एक कॉइल उलटी जोडली की सिग्नल जिरतो आणि हमची बेरीज होते. मला नेमकं तेच ऐकू येत होतं.

चूक रंगांत होती. पाकिटात वायरिंगचा कागद नव्हता, म्हणून मी सीमोर डंकन या पिकअप कंपनीचा वायरींच्या रंगांचा कोड धरला: काळी हॉट (सिग्नलची), पांढरी-लाल एकत्र, हिरवी ग्राउंड. हा पिकअप निघाला डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीच्या कोडचा: लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंड. पहिल्या कोडनं जोडलं की कॉइल सिरीजमध्येच येतात, एकूण रेझिस्टन्सही बरोबर येतो, फक्त एक कॉइल उलटी होते. म्हणून मीटर तीन आठवडे मला सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला. सोल्डर करायच्या आधी जोड्या मोजल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं. काळी-लालमध्ये 7.6 आले आणि काळी-पांढरीत काहीच नाही, म्हणजे डंकनचा कोड नाही.

कागद न टाकता चार वायरींचा पिकअप विकणं मला पटत नाही. छापायला किती लागतं?

दिशा पक्की करायला शेजारच्या काकांचा रेडिओ दुरुस्तीच्या काळातला काट्याचा मीटर आणला. "डिजिटलवर काही दिसणार नाही बाप्पा, हा घेऊन जा," म्हणाले, आणि तेच खरं. सगळ्यात खालच्या डीसी रेंजवर ठेवून पोलपीसला (पिकअपमधल्या धातूच्या खुंटीला) लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवला की काटा जरासा उडतो. नेकचा उजवीकडे उडाला. ब्रिजच्या दोन्ही कॉइल एकेक करून तपासल्या आणि त्याही उजवीकडे उडतील अशा जोडल्या. त्यामुळे मधल्या पोझिशनलाही, जिथे दोन्ही पिकअप चालू असतात, फेजचा घोळ (एकमेकांचा सिग्नल मारण्याचा) राहिला नाही. ती पोझिशन आता इतकी गोल वाजते की काल रात्री मी तिथून हललोच नाही.

सोल्डरिंगचं थोडं. लग्जसाठी (पॉटच्या जोडायच्या पायांसाठी) माझी 25 वॉटची सोल्ड्रॉन पुरते, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंड देताना जोड थंडच राहतो. 60 वॉटची घ्या, दोन सेकंदांत काम. टोनचा 0.022 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बर्डीच्या बाजारातून साधा 223 लिहिलेला पॉलिस्टरच घेतला. महागड्या कपॅसिटरवर पैसे घालायची मला गरज वाटत नाही.

पुढे हाडाचा नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बसवायचा होता. पण हे लिहिताना वाटतंय, पुश-पुल उघडाच आहे तर कॉइल स्प्लिट (एकच कॉइल ठेवणं) काढून सिरीज-पॅरलल (दोन्ही कॉइल एकापाठोपाठ किंवा समांतर) का करू नये? सहा लग्ज त्याला पुरतात. पॅरललमध्ये आवाज सिंगल कॉइलच्या जवळ जातो, आउटपुट उतरतं, पण हम कटते. स्प्लिटमध्ये ती परत येते, आणि ती मला आता ऐकायची नाही. तेव्हा या शनिवारी पॅरलल. नट जूनमध्ये.

मात्र फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं त्याआधीच घासणार. त्या बसवलेला लाकडी बोर्ड आत्ता वाळून आकसलाय, टोकं हाताला लागतात. आत्ता घासली तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर आतच राहतील. आणि काकांचा मीटर अजून चार दिवस ठेवून घेतोय.