शोकाला गुण देता येतात का?

आज संध्याकाळी नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक काका मुलासोबत आले होते. त्यांच्या पत्नीला जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले आहेत. मुलाने मोबाइलवर भरलेली ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली माझ्यापुढे धरली. २७ पैकी १६ गुण होते, आणि तेवढ्यावरून एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटे पिशवीत होती. झोप लागत नाही, अन्न जात नाही, कशात मन रमत नाही, हे सारे खरेच होते. पण ते कशामुळे, हे विचारायला त्या नऊ प्रश्नांत जागाच नाही.

जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत सहसा नैराश्याचे निदान करू नये, अशी तरतूद पूर्वी मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत होती. २०१३ साली आलेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीने, म्हणजे डीएसएम-५ ने, ती तरतूद काढून टाकली. शोकातही गंभीर नैराश्य जडू शकते, हा त्यामागचा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि औषधांनी सावरलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. तरीही दहा मिनिटांच्या भेटीत शोक आणि आजार वेगळे ओळखता येतात, यावर माझा विश्वास नाही.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टर, सकाळी हात अजून दोन कपांचंच आधण ठेवतो.”

जीव नकोसा वाटतो का, हे मी स्पष्ट विचारून घेतले. गोळ्या तूर्त थांबवल्या, आणि पुढच्या मंगळवारी शेवटची वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली, म्हणजे मागे कोणी ताटकळणार नाही.