आमची वाटचाल : निवडाईच्या ओट्यावरून सॉर्टेक्सकडे

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी आमची दालमिल सुरू केली, तेव्हा तूर साफ करणे, रोलवर घासणे, तेल-पाणी लावून अंगणात वाळवणे आणि चक्कीवर भरडणे ही सारी कामे उरकल्यावर डाळ शेवटी निवडणाऱ्या बायकांच्या हाताखालून जात असे. डागी दाणा, टरफल चिकटलेली डाळ, खडा, अख्खी राहिलेली तूर हे सारे त्यांच्या नजरेने वेगळे होई, आणि बाहेरच्या बाजारात आमच्या मालाला जो भाव मिळे त्यात या नजरेचा वाटा मोठा होता. त्यांना मजुरी मात्र कट्ट्यामागे, म्हणजे डाळीच्या पोत्यामागे मिळत असे. हा तपशील आरंभीच सांगतो, कारण पुढे आमच्याकडे बदलाला जो विरोध झाला त्याचे मूळ त्यातच होते.

हळूहळू मोठे खरेदीदार फक्त सॉर्टेक्स केलेली, म्हणजे रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रातून काढलेली डाळ मागू लागले. या यंत्रात डाळ उतरत्या पन्हळीवरून पातळ थराने खाली येते, कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग टिपतात आणि वेगळ्या रंगाचा दाणा दाबाच्या हवेच्या फवाऱ्याने बाजूला उडवला जातो. दिवसभराची निवडाई ते काही तासांत करते. यंत्र घेतले नाही तर चांगले गिऱ्हाईक हातचे जाणार, हे उघड होते.

यंत्राची चौकशी चालू असल्याची बातमी ओट्यावर पोहोचली आणि काम मंदावले. कोणी भांडले नाही की संपाची भाषा केली नाही. सकाळी येणाऱ्या बायका उशिरा येऊ लागल्या आणि मुकादमबाई आमच्याशी बोलेनाशा झाल्या. अखेर अमळनेरकडच्या एका मावशींनी सरळ विचारले, “शेठ, मशीन उनं ते आम्हनं काय?” कारखानदार मंडळी अशा वेळी ‘कामगारांना नवीन काही नकोच असते’ असे म्हणून मोकळी होतात. मला ते कधीच पटलेले नाही. कट्ट्यावर मजुरी घेणाऱ्या बाईला कट्टेच कमी होणार असतील, तर तिचा विरोध हा अडाणीपणा नसून चोख हिशेब असतो.

त्यामुळे यंत्राची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आम्ही मजुरीचा प्रश्न हाती घेतला. मागच्या हंगामातील प्रत्येकीच्या कमाईची सरासरी काढून तेवढा रोज ठरवला आणि यंत्र आले तरी तो खाली येणार नाही, असे लेखी दिले. यंत्रसामग्रीतील ज्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याचा संभव आहे, तिच्यासाठी औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 9-अ नुसार 21 दिवसांची पूर्वसूचना देण्याची तरतूद तेव्हा होती. आमच्या बायका कट्ट्यामागे मजुरी घेणाऱ्या असल्याने तिची गरज नाही, असे एका सल्लागारांचे मत पडले. तरीही आम्ही सूचना फलकावर लावली आणि ओट्यावर बसून वाचूनही दाखवली, कारण अनेकींना वाचता येत नव्हते आणि न वाचता लागलेल्या कागदाने संशय वाढतो.

मजुरीची हमी मिळाल्यावर काम पूर्ववत झाले, पण मने मोकळी झाली नव्हती. त्याच सुमारास व्यवस्थापन शिकत असलेल्या माझ्या पुतणीने मला अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातील अभ्यासाविषयी सांगितले. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी तो 1948 साली प्रसिद्ध केला. तेथेही नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रियाच होत्या, आणि कामाची पद्धत बदलली की वेगळा भत्ता देऊनही उत्पादन पडे. ज्या गटाला बदल नुसता सांगितला गेला, त्यातील 17 टक्के कामगार पहिल्या 40 दिवसांतच काम सोडून गेले. ज्या गटांतील सगळ्यांना नव्या पद्धतीची आखणी करायला बसवले, त्यांतून कोणीही गेले नाही आणि त्यांचा वेग आधीपेक्षा वाढला. ही हकिकत मला आमच्याच ओट्यावरची वाटली.

आम्ही यंत्र चालवायला बाहेरचा माणूस न आणता कंपनीच्या तंत्रज्ञाला निवडणाऱ्या बायकांसमोर उभे केले. कोणता डाग चालेल, कोणता नाही, हे त्याने त्यांना विचारून पडद्यावर भरायचे, असे ठरले. पहिल्या चाचणीत यंत्राने खराब दाण्यांबरोबर बरीच चांगली डाळही उडवली. मावशींनी ती मुठीत घेऊन पाहिली, पांढरट पण निरोगी दाणे हातावर पसरून दाखवले, आणि तंत्रज्ञाने रंगाची मर्यादा त्याप्रमाणे बदलली. लाखीच्या डाळीचा प्रश्न तर त्यांच्यावाचून सुटलाच नसता. रोजच्या आहारात दीर्घकाळ आल्यास पाय कायमचे लुळे करू शकणारी ही डाळ रंगाने तुरीसारखीच दिसते, त्यामुळे आमच्या यंत्राच्या कॅमेऱ्यातून ती सुटे. बायका मात्र तिचा चपटा, कोनदार आकार पाहून ती चटकन वेचत. म्हणून यंत्रातून निघालेल्या मालाचा नमुना त्यांनी तपासल्याखेरीज कट्टा शिवायचा नाही, असा नियम झाला, तो आजही आहे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की यंत्राला दाबाची हवा पुरवणारा पत्र्याच्या शेडमधील कॉम्प्रेसर भर दुपारी तापून बंद पडे. पहाटे यंत्र सुरू करून दुपारच्या आत थांबवावे, ही सूचनाही त्यांचीच होती.

सगळेच सुरळीत झाले असे म्हणणार नाही. कामाची वाटणी मुकादमबाईंच्या हातची गेली, त्यांचे महत्त्व उणावले आणि त्या निघून गेल्या. त्यांना देण्याजोगे दुसरे मानाचे काम आमच्याकडे नव्हते, याचे वाईट वाटते. कोणालाही कामावरून काढले नाही, पण गेलेल्यांच्या जागी नवी भरती केली नाही. त्यामुळे गावातील तेवढे रोजगार कमी झाले, हेही खरे आहे.

1 जुलै 2017 पासून वस्तू आणि सेवा कर आला. आमच्या मुनीमजींनी रोजमेळ आणि खतावणी सोडून संगणकावर हिशेब घेतला, फार कुरकुर न करता. दिवाळीतील वहीपूजन बंद होणार नाही एवढे आश्वासन त्यांना पुरले. हमालांचे तसे नव्हते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के कर लागू झाला, तेव्हा अनेक खरेदीदारांनी 30 किलोचे कट्टे मागितले. आमचे हमालीचे दर 50 किलोच्या कट्ट्यावर ठरलेले असल्याने नव्या कट्ट्याला काय द्यायचे, यावर गाडी भरणे थांबले. ओट्यावरचा अनुभव येथे कामी आला. हमालांच्या टोळीबरोबर बसून दर क्विंटलवर आणला, आणि फेऱ्या वाढतात म्हणून त्यात वाढ धरली.

आता अंगणातील वाळवणाऐवजी ड्रायर बसवायचा आहे, कारण अवकाळी पावसाने ओली तूर वारंवार खराब होते. त्यासाठी अंगणात काम करणाऱ्यांची पहिली बैठक झाली आहे. रोज कमी होऊ नये, ड्रायरवर पाळीपाळीने सगळ्यांना शिकवावे आणि रात्रपाळी लागल्यास परतीच्या वाहनाची सोय असावी, या त्यांच्या मागण्या आहेत. पहिल्या दोन आम्ही लिहून दिल्या आहेत. वाहनाच्या खर्चाचा मेळ बसला की ड्रायरची मागणी नोंदवू.